फेलिश्मिना मावशीची दुपारची झोप

आमच्या अलेंतेजो प्रांताच्या उन्हात दुपारी जागा राहणारा माणूस एक तर परगावचा, नाही तर वेडा. त्यामुळे शेजारची फेलिश्मिना मावशी जेवून आडवी होते, याचं कुणाला काही वाटत नव्हतं. गहू कापण्यात आणि ऑलिव्ह वेचण्यात जन्म गेलेला. ऐंशी उलटल्यावर तिनं पडू नये तर कुणी पडावं?

पण आमच्या बायकांच्या गाणाऱ्या मंडळात वरचा सूर तिचा. पहिली ओळ मी म्हणायची, दुसरी तिनं एकटीनं उचलायची, मग हातात हात अडकवून सगळ्याजणी. त्या शरदात ती तालमीला येईनाशी झाली. बघायला गेले, तर संध्याकाळ व्हायला आली तरी पलंगावरच. उठली तीही दाराची चौकट धरून. कमरेला सैल झालेला घागरा पिनेनं आवळलेला.

"मावशी, बरं नाही का?"

"मेल्यावर झोपायचंच आहे, त्याची तालीम करतेय."

मला हसू आलं नाही. तिला दवाखान्यात नेलं. नर्स इल्दानं हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. मावशीनं दोनदा जोर केला, उठता आलं नाही. मग ती खाली मान घालून बसून राहिली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, औषधं पाहिली. मोठं दुखणं निघालं नाही.

"दुपारची डुलकी वाईट नाही," इल्दा म्हणाली. "पण ती अशी लांबत गेली, की का ते बघावं लागतं. मावशी, जेवता काय?"

"सूप."

"आणि?"

"त्यात पाव बुडवते की!"

नवरा गेल्यापासून तिनं एकटीसाठी चूल अशी पेटवलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात उभी. "ओदेत, झोप मी सोडणार नाही. पण तीनचे टोले पडले की खिडकीखाली येऊन गा. माझी ओळ येईपर्यंत हलू नकोस."

मी गायले. आतून आवाज आला, "तुझ्यापेक्षा गाढव बरं गातं!" आठवडाभर नुसत्या शिव्याच. मग एके दिवशी दुसरी ओळ आली. बारीक, पण सुरात. पाय जमिनीला लागल्याशिवाय गायचं नाही, हा नियम तिनंच केला होता. त्यानंतर इल्दानं सांगितलेली टेबल धरून ऊठबस, तिलाच शिव्या देत. रात्री आमच्याकडे जेवण: अंडी, चणे, खारवलेला मासा.

"तिला वाढताना माझ्या ताटातलं का काढतेस?" माझा नवरा म्हणायचा.

"तुझं पोट बघून!" मावशीच उत्तर द्यायची.

वसंतातल्या जत्रेला मंडळ गात गात चर्चपर्यंत चालतं. मावशीच्या लेकीचा फोन आला, आईला दारात खुर्ची द्या. मावशीनं ऐकलं नाही. मधल्या रांगेत माझ्या दंडात हात अडकवून ती निघाली. चढावर तिचा सगळा भार माझ्यावर आला. थांबावं म्हणून मी वळले, तेवढ्यात तिनं ओळ उचलली. रस्त्याकडेचे लोक बोलायचे थांबले. आमची सगळी रांग तिच्या पावलानं चालली.

चर्चच्या पायऱ्या मात्र तिला झेपल्या नाहीत. "तुम्ही वर जा," ती खालच्या पायरीवर टेकत म्हणाली. "माझ्यासाठी थांबलात तर सूर पडेल."

आता ती काठी घेऊन चालते. थंडीत पुन्हा अशक्त होते, पुन्हा उभी राहते. परवा तिनं अख्ख्या मंडळाला जेवायला बोलावलं. लसूण-कोथिंबीर खलबत्त्यात स्वतः कुटत होती. मी बत्ता घ्यायला हात पुढे केला.

"सरक," ती म्हणाली. "ताटं मांड."