अव्वाचा एक प्रश्न

पाण्यानं भरलेली पितळी बादली अप्पांच्या हातात गरगर फिरते आहे, क्षणभर त्यांच्या डोक्यावर पालथी होते आहे, आणि तरी तिच्यातला एक थेंबही सांडत नाही... मोहोळच्या आमच्या अंगणातलं हे दृश्य आजही मला लख्ख दिसतं, आणि आजही कपाळाची शीर उडायला लागते.

माझे वडील हायस्कुलात पदार्थविज्ञान शिकवत. संध्याकाळी, सारवलेल्या जमिनीचा ओलसर गंध आणि चुलीवरच्या ज्वारीच्या भाकरीचा खरपूस वास एकमेकांत मिसळत असताना, गावातली पोरं त्यांच्याभोवती जमत. चंद्र खाली का पडत नाही, ताणलेल्या गलोलीत ऊर्जा कुठे दडून बसते, लाट काठाला येते पण पाणी का येत नाही — कितीही बाळबोध प्रश्न असो, अप्पा म्हणत, "छान विचारलंस." बादली भरून आणायची, मेणबत्ती शोधायची, चहा करायचा, हे मात्र अव्वाकडे. अव्वा म्हणजे माझी आई. ती अक्कलकोटकडची, माहेरी सगळं कन्नडच. मराठी ती लग्नानंतर शिकली — जपून, चाचपडत, निसरड्या वाटेवरून घागर घेऊन चालावं तशी.

एका हिवाळी संध्याकाळी चहाचे कप ठेवता ठेवता ती थबकली. "एक विचारू का हो? पहाटं सडा टाकताना गाडीचा शिट्टी अगदी दारात वाजल्यावानी येतो. दुपारी तर येतच न्हाई. असं का?"

अप्पांनी पोरांकडे पाहिलं. "आधी शिट्टी ‘तो’ की ‘ती’, ते ठरव. मग विज्ञानाचं बघू."

पोरं हसली. अव्वाही हसली, पदरानं ओठ झाकून, आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली. मी दहा वर्षांची होते. चुलीपुढे तिच्या शेजारी जाऊन बसले. ती भाकरी थापत राहिली, नेहमीपेक्षा जोरात. त्यानंतर तिनं अप्पांना कधी काही विचारल्याचं मला आठवत नाही.

पुढे सोलापूरला कॉलेजात शिकताना उत्तर अचानक माझ्यासमोर आलं. पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, म्हणून वर निघालेला आवाज वळून पुन्हा खाली येतो, दूरवर पोचतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून तोच आवाज आभाळाकडे वळतो, डोक्यावरून निघून जातो. इतकं साधं! त्या शनिवारी मी एसटीनं धावतच घरी गेले आणि स्वयंपाकघरात, हातवारे करत, अव्वाला सगळं सांगितलं.

ती शेंगा सोलत होती. "मी विचारलेलं व्हय असं?" एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दारातून अप्पांचा आवाज आला. "बरोबर सांगितलंस. ध्वनीचं अपवर्तन."

मी वळले. "तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"म्हणजे काय? बीएस्सीला होतं आम्हाला."

"मग सांगितलं का नाही तिला?"

"तिला काय कळणार होतं त्यातलं?" — आणि ते खरंच, अगदी निरागस आश्चर्यानं माझ्याकडे पाहत राहिले.

माहीत नसतं तर मी माफ केलं असतं. माणूस आपलं अज्ञान झाकायला हसतो, ते समजू शकते मी. पण उत्तर ओठांवर असताना, गावातल्या प्रत्येक पोराला भरभरून देणाऱ्या माणसानं ते आपल्या बायकोपासून राखून ठेवावं...

अप्पा गेले. त्यांचे विद्यार्थी अजून भेटतात, डोळे पुसतात, "सरांनी आम्हाला विचारायला शिकवलं," म्हणतात. खोटं नाही ते. मी मान हलवते आणि दात आवळून धरते.

अव्वा आता सोलापूरला माझ्याकडे असते. परवा तिला डॉक्टरांकडे नेलं. औषधं समजावून झाल्यावर डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळून हळुवारपणे म्हणाल्या, "आजी, काही विचारायचंय का तुम्हाला?"

अव्वानं माझ्याकडे पाहिलं. मग नकारार्थी मान हलवली, आणि पदर ओठांवर धरून हसली.