सुमन आणि पडद्याचं मशीन

सुमन काम करताना श्वास धरायची. साहेबाने काही विचारलं तरी हातातली तार जोडून होईपर्यंत बोलायची नाही. साहेब ताटकळायचा. "बोलले असते तर तार हलली असती, मग तुम्हीच ओरडला असतात," म्हणायची.

हल्ली टीव्हीवर सांगतात, आता आपल्या देशात चिप बनणार. अंधेरीच्या कारखान्यात आम्ही बायका आणखी काय करत होतो? चिप परदेशातून यायची, पण नुसता तुकडा. मायक्रोस्कोपला डोळे लावून आम्ही तिला केसाहून बारीक सोन्याची तार जोडायचो. माझी शाळा चौथीपर्यंत, पण हे मला येत होतं. सुमन शेजारच्या खुर्चीवर. कांबळ्यांची, घाटकोपरहून यायची. गोड बोलणं तिला जमत नसे. मलाही नाही, म्हणून पटलं.

मग परदेशातून नवी मशीनं आली. ती बसवायला आलेला माणूस म्हणाला, "इसमें सब स्क्रीन पे दिखता है. आँखों को आराम." आमचे डोळे तोवर अधू झाले होते. पण मॅनेजरने त्या मशीनांवर नव्या पोरी बसवायचं ठरवलं आणि आमची डोळ्यांची तपासणी लावली. नापास होईल ती घरी.

पहिली बाई तपासून आली आणि तिने तक्त्यावरची अक्षरं सगळ्यांना सांगितली. डबा खाताना आम्ही ती घोकू लागलो. सुमन जेवत राहिली.

"तू पण पाठ कर गं," मी म्हटलं.

"कशाला? पास झालीस की परत मायक्रोस्कोप. आंधळी होईपर्यंत पास होत बस."

"आणि नापास झाले तर खाऊ काय?"

"एकटी झालीस तर हाकलतील. सगळ्या झालो तर माल कोण काढेल? त्या पोरींना अजून तार धरता येत नाही."

ती आत गेली आणि मॅनेजरसमोरच म्हणाली, "दिसत नाही. डोळे इथंच गेले. आता पडद्याचं मशीन द्या."

तिच्यामागे माझा नंबर. अक्षरं तोंडपाठ होती. मी म्हटलं, "दिसत नाही." माझ्यामागच्याही तेच म्हणाल्या.

माल अडला. मॅनेजरने नवी मशीनं आम्हाला दिली आणि बायकांना भडकवते म्हणून सुमनला काढलं. आम्ही तिच्यासाठी उठलो, तर तीच खेकसली, "बसा गं खाली. मशीन सोडलंत तर माझी नोकरी फुकट गेली."

आम्ही बसलो.

पुढे तिने लोकांकडे पोळ्या लाटल्या. गेल्या वर्षी वारली. त्याआधी एकदा मी विचारलं होतं, "वाईट वाटतं का गं, नोकरी गेल्याचं?"

"तुला अजून सुई ओवता येते ना?"

"येते."

"मग गप बस."