तात्यांनी धुतलेलं मिग

अतुल गव्हाणेला विमानांचं भारी वेड, पण विमानात त्यानं अजून पाऊल ठेवलेलं नाही. कंपनी एकदा त्याला दिल्लीला विमानानं पाठवत होती, तर हा पठ्ठ्या रेल्वेनं गेला. विमानात बसलं की विमान दिसत नाही, असं त्याचं म्हणणं.

चितेगावच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला आहे. दिवसभर मोठी यंत्रं खोलतो आणि पडेगावच्या घरी येऊन छोटी विमानं जोडतो. ही विमानं खोक्यातून येतात. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले सुटे भाग असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे आणि रंगवायचे. पायलटच्या खुर्चीचा पट्टा मुंगीच्या मिशीएवढा. तो चिमट्यातून निसटला की घरातल्या झाडूला सक्तीची रजा मिळते. अतुलची बायको करुणा हिनं एकदा पोह्यांत आलेलं चाक मोहरी समजून गिळलं. अतुलनं घाबरून विचारलं, "डावं होतं का उजवं?" तिची नजर पाहिल्यावर मग म्हणाला, "तुला काही त्रास नाही ना होत?"

या छंदाची खरी मेख बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. विमान रंगवून चकाचक झालं की काम निम्मंच झालेलं असतं. उरलेलं निम्मं काम ते मळवण्याचं. खरं विमान उन्हापावसात राबतं. त्याचा रंग विटतो, पोटाखाली तेल ओघळतं, शेपटाशी काजळी धरते, पंखावर मेकॅनिकच्या बुटांचे ठसे उमटतात. हे सगळं तैलरंग टर्पेंटाइननं पातळ करून, केसाएवढ्या ब्रशनं, विमानावर आणायचं. माणसं अंगावरचा डाग घालवायला जेवढे कष्ट घेत नाहीत, तेवढे अतुल डाग पाडायला घेतो.

यंदा त्यानं मिग-२१ घेतलं होतं, हवाई दलातून नुकतंच निवृत्त झालेलं. दिवाळीपासून तो ते मळवत होता. शहरातल्या विमानवेड्यांचं प्रदर्शन रविवारी एका शाळेच्या हॉलमध्ये भरणार होतं. या वेड्यांचे म्होरके डॉ. सुदर्शन. ते दातांचे डॉक्टर. दात कोरायच्या हत्यारांनी ते विमानांच्या फटी कोरतात. याच्या उलटही होत असावं, असा त्यांच्या पेशंटांना संशय आहे. मिगचा फोटो बघून त्यांनी अतुलला फोन केला होता.

"गव्हाणे, काय घाण केलीय हो! डोळ्यांत पाणी आलं. दारासमोरचं पहिलं टेबल तुमचं."

आजवर अतुलचं विमान कायम पाण्याच्या जारशेजारी असायचं. लोक पाणी पिऊन त्याच्या पंखावर ग्लास ठेवायचे. त्यामुळे पहिलं टेबल म्हणजे काय, ते त्यालाच माहीत. शर्टालासुद्धा त्यानं दोनदा इस्त्री केली होती.

आणि नेमके त्याच सुमारास वडील, तात्यासाहेब, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सोयगावहून आले.

तात्यासाहेबांची कपाशी तालुक्यात दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला असेल, पण ट्रॅक्टर पहिल्या नंबरचा स्वच्छ. नांगरटीहून आल्यावर आधी ट्रॅक्टरची अंघोळ, मग तात्यांची. ट्रॅक्टरला चिखल लावून परत आणणाऱ्या भावकीशी त्यांनी बोलणं सोडलेलं आहे. मुलाच्या छंदाबद्दल त्यांनी फार पूर्वी एकदाच चौकशी केली होती.

"उडतं का रं हे?"

"नाही तात्या."

"मग करतं काय?"

"उभं राहतं."

"उभं तर आपलं गोऱ्हंबी राहतं," असं म्हणून त्यांनी तो विषय कायमचा मिटवला होता. त्यानंतर पडेगावला आले तरी हॉलमधल्या विमानांच्या टेबलाकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. अतुल बोलून दाखवत नसे, पण प्रत्येक विमान पुरं झालं की ते टेबलावर अशा कोनात ठेवायचा, की तात्यांच्या खुर्चीतून बरोबर दिसावं.

ऑपरेशन झकास झालं. हिरवा चष्मा उतरला आणि तात्यांना जग नव्यानं दिसू लागलं. मुख्यतः जगातली धूळ. त्यांनी पंख्याची पाती पुसली, स्विचची बटणं पुसली, फ्रिजच्या मागं जाऊन आले. "सूनबाई, तुझा दोष नाय, आधी मलाबी दिसत नव्हतं," असं म्हणत ते करुणाच्या मसाल्याच्या डब्यापर्यंत पोचले, तेव्हा तिनं दात ओठ खाऊन डबा काढून घेतला.

"मामा, तुम्ही जरा हॉलमध्ये बसा."

मामा हॉलमध्ये बसले. हॉलमध्ये मिग होतं.

शनिवारी संध्याकाळी अतुल कामावरून आला, तेव्हा तात्या टॉवेलनं हात पुसत होते. टेबलावर मिग उभं होतं. लखलखीत. काजळी नाही, तेल नाही, बुटांचा ठसा नाही. शोरूममधून निघालेल्या स्कूटरसारखं. शेजारी टर्पेंटाइनची बाटली रिकामी, आणि करुणाचा जुना टूथब्रश.

"घे," तात्या म्हणाले. "लई मळलं होतं रं. उद्या चार लोकांत न्यायचं आणि असं? मला म्हणायचं होतंस. टरपेंट वासावरनं वळखलं मी. आपल्या ट्रॅक्टरला हेच लावतो."

अतुलनं मिग उचलून उजेडात धरलं. खालच्या रंगावर वार्निशचा थर होता म्हणून विमान तरी वाचलं होतं. वरची सगळी घाण चिंधीवर उतरली होती. ती पुन्हा करायची, तर तैलरंग वाळायलाच आठवडा जातो.

"पोटाखाली तर निस्तं तेल," तात्या उत्साहात सांगत होते. "आणि कुणीतरी पाय देलाय पंखावर. बारका पाय. कसा देला देव जाणे."

विमानाला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं. आज त्याचं पोट, पंख, शेपूट, चाकं, सगळं त्यांना पाठ झालं होतं.

"मस्त झालंय तात्या."

स्वयंपाकघरात करुणा दबक्या आवाजात कडाडली. "सांगत का नाहीस त्यांना? माझा डबा मी काढून घेतलाच ना!"

"डबा त्यांनी धुवायच्या आधी काढलास तू. हे धुऊन झालंय."

"तेच म्हणतेय मी! पहिलं टेबल गेलं तुझं!"

"जाऊ दे," अतुल म्हणाला, पण त्या रात्री तो धड जेवला नाही.

रविवारी मिगचं खोकं मांडीवर घेऊन तात्या स्वतः गाडीत पुढं बसले. हॉलमध्ये डॉ. सुदर्शननी खोकं उघडलं आणि दाढ चुकीची उपटली गेल्यासारखा चेहरा केला.

"गव्हाणे... घाण कुठाय?"

"ह्या वेळी जरा स्वच्छ," अतुल पुटपुटला.

मिग पाण्याच्या जारशेजारी गेलं. पहिल्या टेबलावर डॉक्टरांचंच बॉम्बर आलं, चिखलानं बरबटलेलं.

तात्या हात मागं बांधून नव्या डोळ्यानं सगळी टेबलं बघून आले आणि कासावीस होऊन अतुलच्या कानाशी लागले. "अरं, एवढी शिकलेली माणसं, एकाचंबी विमान धुतलेलं नाय! टरपेंट आणलंय का?" त्यांनी खांद्यावरचं उपरणं हातात घेतलंसुद्धा.

तेवढ्यात पलीकडे डॉक्टर एका बाईंना सांगत होते, "ही काजळी आहे ना मॅडम, ही लावायलाच मला महिना लागला."

तात्या थांबले. उपरण्याची त्यांनी हळूहळू घडी घातली. जारजवळच्या खुर्चीवर बसले.

"अतुल, हे मुद्दाम मळवतेत?"

"व्हय तात्या."

"तूबी मळवलं होतंस?"

"थोडंसं."

"थोडंसं कसलं? अर्धी दुपार गेली माझी ते काढता काढता." त्यांनी घडी घातलेलं उपरणं मांडीवर ठेवलं आणि म्हणाले, "तू बोलला का नाय?"

"तुम्ही एवढ्या मनापासून धुतलं होतं."

तेवढ्यात एक गृहस्थ पाणी पिऊन ग्लास मिगच्या पंखावर ठेवायला गेले. तात्यांनी तो वरच्यावर धरला.

"ओ साहेब! विमान हाय ते!"

गृहस्थ ओशाळले आणि म्हणून नीट वाकून पाहू लागले. "हे एकटंच एवढं स्वच्छ कसं हो?"

"सर्व्हिसिंगवरनं आजच आलंय," तात्या म्हणाले. "माझ्या पोरानं बनवलंय. पोट बघा खालनं. वाका, वाका."

गृहस्थ वाकले. त्यांच्यामागं आणखी दोघं वाकले. दुपारभर जो पाणी प्यायला आला, त्याला तात्यांनी मिगचं पोट पाहिल्याशिवाय सोडलं नाही. पहिल्या टेबलाकडून माणसं घोटभर पाण्यासाठी यायची आणि तिथंच अडकायची. डॉक्टर दोनदा येऊन बघून गेले. जेवायलासुद्धा तात्या उठले नाहीत. अतुलनं पुरीभाजी तिथंच आणून दिली.

परतताना खोकं पुन्हा तात्यांच्या मांडीवर होतं. मिटमिट्याच्या जरा अलीकडे, पडेगावचं वळण आल्यावर ते म्हणाले, "पुढचं कधी मळवायला घेणार?"

"का हो?"

"टाइम सांगून ठेव. तेव्हा मी सोयगावातच राहतो."

"नाही, या तुम्ही," अतुल म्हणाला. "टरपेंट तेवढं मी कंपनीत ठेवतो."