धुतलेला खिमा

आर्डिस स्कॉगस्टाडच्या तळघरात एक लांबलचक फ्रीझर होता आणि त्यात त्या वर्षीचा अख्खा गोऱ्हा पांढऱ्या कागदाच्या पुड्यांत बांधून ठेवलेला होता. गोऱ्हा घरचाच. तिच्या नवऱ्यानं, व्हर्लिननं, आपल्या हातानं मका घालून वाढवलेला. निम्म्याहून जास्त पुड्यांवर खाटकानं ‘खिमा’ असा शिक्का मारला होता. पश्चिम मिनेसोटातल्या आमच्या भागात बाई सुगरण आहे की नाही, हे या पुड्यांचं ती काय करते यावरून ठरतं. आर्डिसचा मीट लोफ, म्हणजे खिम्याची ओव्हनमध्ये भाजलेली जाड वडी, चर्चच्या जेवणात सगळ्यात आधी संपायचा आणि तिची ट्रे घरी जाताना रिकामी असायची. याहून मोठी पदवी आमच्याकडे नाही.

त्या नोव्हेंबरात मक्याची काढणी संपता संपता व्हर्लिन छाती धरून ट्रॅक्टरच्या चाकाशी खाली बसला. शहरातल्या मोठ्या इस्पितळात त्याची छाती उघडून पुन्हा शिवली. निघायच्या दिवशी आहार सांगणारी एक मुलगी आली. तिनं पर्समधून मांसाच्या तुकड्याचा रबरी नमुना काढून टेबलावर ठेवला. पत्त्यांच्या जोडाएवढा. दिवसाला एवढंच, म्हणाली, आणि तेही चरबी काढलेलं. आयुष्यभर गुरं वाढवलेला माणूस त्या रबराकडे बघत राहिला. मग तरुण डॉक्टर आला. त्यानं पथ्यपाणी सगळं समजावलं, पण बोलताना तो बघत होता आर्डिसकडे. “आता सगळं तुमच्या हातात आहे, मिसेस स्कॉगस्टाड,” तो म्हणाला. तिथंच त्या बाईच्या पायात बेडी पडली. हृदय एकाचं आणि शिक्षा दुसऱ्याला, हा न्याय कुठला, हे त्या शहाण्याला विचारायला तिथं कुणी नव्हतं.

घरी येतात तो घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. चर्चच्या बायका रांगेनं आल्या. प्रत्येकीच्या हातात हॉटडिशची ट्रे: खाली खिमा, त्यावर डब्यातलं मशरूमचं दाट सूप, वर बटाट्याचे तळलेले गोळे आणि त्यावर चीज. चरबीनं छाती बंद पडलेल्या माणसाला गावानं प्रेमानं चरबीच आणून दिली, आणि यात काही चुकतंय असं एकीच्याही मनात आलं नाही. दुखणं असो, बाळंतपण असो की मयत असो, आमच्याकडे हॉटडिश जाते. आणि ती परत करता येत नाही. आर्डिसनं प्रत्येकीला थँक्यू म्हटलं, ट्रे तळघरात नेल्या आणि फ्रीझरचं झाकण अंगाचा भार टाकून बंद केलं.

मग ती कामाला लागली. खिमा परतायचा, चाळणीत उपसायचा आणि वरून किटलीतलं कढत पाणी ओतून धुवायचा. पहिल्यांदा धुतला तेव्हा सगळा वास सिंकमध्ये वाहून गेला आणि चाळणीत करडे, कोरडे कण उरले. तिला रडू आलं. पण हटली नाही. लोफमध्ये अर्धा खिमा, अर्धी मसूर. पावाच्या चुऱ्याऐवजी ओट्स. अंड्यातला फक्त पांढरा भाग. सूपच्या डब्याऐवजी साय काढलेल्या दुधात शिजवलेलं पीठ. खिम्याच्या तिखट रश्शाचं पातेलं ती रात्रभर बाहेर थंडीत ठेवायची आणि सकाळी वर गोठलेली चरबीची चकती उचलून फेकायची. एकदा तिनं टर्कीचा खिमा आणला. गावातल्या दुकानातून नव्हे, गुरंवाल्याच्या घरी पक्ष्याचं मांस नेताना बघून गल्ल्यावरची बाई काय म्हणेल म्हणून शेजारच्या गावातून.

व्हर्लिन सगळं खायचा. समोर येईल ते मान खाली घालून संपवायचा. कसं झालंय विचारलं की म्हणायचा, “वाईट नाही.” पूर्वी तिच्या लोफलाही तो हेच म्हणायचा, कारण आमचे पुरुष याच्या वर चढत नाहीत. त्यामुळे त्याला आवडतंय की तो गिळतोय, हे कळायला मार्ग नव्हता. तो चिडला असता, ताट सरकवलं असतं, तर तिला भांडता आलं असतं. तो घास चावायचा आणि ती त्याच्या घशाकडे बघायची. मुलं लांब राहायला गेलेली, बाहेर बर्फ, आणि टेबलाच्या दोन टोकांना दोघं. कधीकधी तिला वाटायचं, उठावं, गाडी काढावी आणि जिथं कुणी जेवतच नाही अशा गावी जावं. पण संध्याकाळी तो दमलेला आत यायचा आणि ती परत किटली ठेवायची.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली होती. तिचे स्कर्ट कमरेत सैल होऊ लागले होते. व्हर्लिनचा पट्टा होता त्याच भोकात होता.

मार्चमध्ये ती लव्हॉनची ट्रे परत द्यायला गेली. लव्हॉन म्हणजे दीड मैलावरची शेजारीण आणि चर्चच्या स्वयंपाकघराची राणी. ट्रे रिकामी परत करायची नसते, म्हणून आर्डिसनं आत गाजराचा केक घातला होता, तोही तेल कमी करून. लव्हॉनच्या गोठ्याआड व्हर्लिनचा पिकअप उभा होता. तो तर बी-बियाण्याच्या दुकानात जातो म्हणून निघाला होता. आर्डिस मागच्या दारानं आत गेली. टेबलाशी व्हर्लिन बसला होता, आणि त्याच्या ताटात लव्हॉनची हॉटडिश होती, चीजची तार काट्यापासून ताटापर्यंत ताणलेली. तो हसत होता. आर्डिसनं त्याला कितीतरी दिवसांत हसताना बघितलं नव्हतं.

आमच्याकडे अशा वेळी बोलत नाहीत. लव्हॉननं पटकन कॉफी ओतली.

“बिचारा भुकेला दिसला गं,” ती म्हणाली. “थोडं घेतेस का तू?”

आर्डिस नको म्हणाली. लव्हॉननं पुन्हा विचारलं, ती पुन्हा नको म्हणाली. तिसऱ्यांदा विचारल्यावर हो म्हणायची रीत आहे. तिसऱ्यांदाही ती नको म्हणाली, आणि लव्हॉनचा चेहरा पडला. मग आर्डिसनं केक टेबलावर ठेवला, हवा जरा निवळली आहे असं काहीतरी म्हणाली आणि कॉफी संपवून उठली. घरी आल्यावर तिनं सिंकचा नळ सोडला आणि तो वाहत असताना मोठ्यानं शिव्या दिल्या. लव्हॉनला, व्हर्लिनला आणि त्या रबराच्या तुकड्याला. रात्री तिनं मसुरीचा लोफ केला. तो मुकाट्यानं जेवला. तीही मूग गिळून बसली.

एप्रिलमध्ये तपासणी होती. आर्डिस सोबत आलीच होती म्हणून इस्पितळात दोघांचंही रक्त घेतलं. डॉक्टरनं कागद बघून भुवया उंचावल्या. व्हर्लिनच्या रक्तातली चरबी तसूभरही उतरली नव्हती.

“घरी नक्की काय शिजतंय?” त्यानं विचारलं. अर्थातच आर्डिसला.

व्हर्लिन टोपी मांडीवर घेऊन तिच्यावर छापलेलं मक्याच्या बियाण्याच्या कंपनीचं नाव वाचत होता. आर्डिसनं त्याच्याकडे बघितलं. त्याची मान शर्टात घुसली होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आपलेच दात, आपलेच ओठ. “आणखी लक्ष देते,” ती म्हणाली.

“तुमचे आकडे मात्र उत्तम आहेत,” डॉक्टर हसून म्हणाला. “पथ्य तुम्हालाच लागू पडलेलं दिसतंय. नव्वदी गाठाल तुम्ही.”

परत येताना व्हर्लिन गाडी चालवत होता. दोन्ही बाजूंना काळी, ओली शेतं होती. पुढं धान्याची कोठारं आली.

“नव्वदी,” आर्डिस म्हणाली. “ऐकलंस ना? तू मरणार, आणि मी त्या घरात एकटी बसून धुतलेला खिमा खात नव्वदी गाठणार.”

“आर्डिस.”

“मला बोलू दे. लव्हॉनकडे किती दिवस जातोयस?”

“ख्रिसमसपासून,” तो म्हणाला. “कधी तिच्याकडे, कधी कॅफेत. तू एवढी राबतेस. नावं कशी ठेवणार मी?”

“ठेवायची होतीस! मी बदललं असतं. एवढा वाईट होतो का लोफ?”

“लोफचं काही नाही गं.” त्यानं घसा खाकरला. एवढी वाक्यं सलग बोलायची त्याला सवय नव्हती. “तुझ्या टेबलाशी बसलो की मला आठवतं, मी मरायला टेकलोय. प्रत्येक घासाला आठवतं. तू बघत असतेस ना. लव्हॉनकडे नाही आठवत. तिथं मी नुसता जेवतो.”

त्यानं आता सगळं सांगून टाकलं होतं आणि त्याला थोडं हलकं वाटलं असावं, कारण त्यानं खांदे सैल सोडले. आर्डिस खिडकीबाहेर बघत होती. तिला राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

“मलाही आठवतं, व्हर्लिन,” ती म्हणाली. “किटली ठेवताना आठवतं, चाळणी घेताना आठवतं, तू जेवून उठलास की आठवतं. आणि मला जेवायला दुसरं घर नाही.”