गोष्टीच्या कानावरची खूण

फोनवर आलेल्या बातमीवर लगेच विश्वास ठेवायचा नाही, असं मला मामांनी शिकवलं होतं, आणि मामा गेल्याची बातमी फोनवरच आली. मामेभाऊ महादू बोलत होता. "अक्का, आबा गेलं गं," एवढंच म्हणाला. मी विचारलं, "तू महादूच कशावरनं?" तो रडता रडता थांबला आणि म्हणाला, "आबांचीच भाची शोभतीस." तेव्हा कुठे मला ते खरं वाटलं…

जत तालुक्यातले माझे मामा. मेंढरं राखण्यात जन्म गेला, त्यामुळे लांडग्यापासून पाण्याच्या टँकरवाल्यापर्यंत सगळ्यांवर त्यांची नजर असे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि मला तिथवर नेलं ते त्यांनीच. सांगलीत विश्रामबागेतल्या वसतिगृहात सोडायला आले तेव्हा तिथल्या बाईंना त्यांनी आधी विचारलं, "हितलं पाणी कुठनं येतं?" बाई म्हणाल्या, नळाला. "आन् नळाला कुठनं येतं?" बाई हसल्या. मामा हसले नाहीत. स्वतः ओंजळभर पाणी पिऊन, थोडा वेळ थांबून, मगच त्यांनी माझी ट्रंक आत ठेवली. आज मी जी काही आहे, ती त्या ओंजळीमुळे.

मामांची एक गोष्ट होती. लहानपणी कळपाजवळ बसून ती मी कितीदा ऐकली असेल. दुष्काळात एका धनगराची मेंढरं चारा शोधत आभाळात चढून जातात. धनगर मागोमाग जातो. आभाळाचा राजा म्हणतो, माझ्या कळपात मिसळलीत, ओळखून दाखव आणि ने. सगळी एकसारखी, चांदण्यांसारखी पांढरी. मग धनगराला एका मेंढराच्या गळ्यात त्यानंच बांधलेली, लोलक नसलेली, न वाजणारी घंटा दिसते, आणि त्याला आपला कळप सापडतो. "कुनाला सांगू नगंस," मामा बजावायचे. मी सांगितली नाही. ती फक्त मला दिलेली ठेव आहे, असं मी मनोमन समजत आले.

काही वर्षांपूर्वी चित्रपट करणारी दोन मुलं लोककथा ऐकायला गावात आली आणि मामांकडे राहून गेली, असं कानावर आलं होतं. पुढे सांगलीत एक चित्रपट लागला. दैवतं, राक्षस, अवकाशयानं, प्रयोगशाळा असं सगळं एकत्र असलेले चित्रपट मला आवडतात. शाळेत शिकलेलं आणि घरी ऐकलेलं एकाच बाकावर बसल्यासारखं वाटतं. पण त्या दिवशी मी खुर्चीत ताठ झाले. परग्रहावर यंत्रांनी घडवलेले शेकडो पांढरे प्राणी उभे होते आणि घोंगडं पांघरलेला नायक त्यांतून आपले शोधत होता. घंटा तेवढी नव्हती. त्याचा एक प्राणी लंगडत होता, त्यावरून तो ओळखतो.

मी तडक मामांकडे गेले. "मामा, तुमची गोष्ट चोरली त्यांनी! वर घंटा काढून लंगडं मेंढरू घातलं."

मामा तंबाखू मळत होते. "त्ये कशाला घालतील? मीच त्यांस्नी लंगडं दिलं."

"म्हंजे?"

त्यांनी दाराजवळच्या खुंटीवरची लोकर कातरायची कातर दाखवली. मेंढरांच्या कानाला काप देऊन खूण करायचे ते हिनंच. "ज्याला त्याला येगळा काप. गोष्ट कुठनं बी फिरून आली तरी कळतं, कुनाच्या हातनं सुटली ती."

"आणि माझी घंटा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, तंबाखू तोंडात टाकली आणि मेंढरांना हाक मारत उठले…

परतताना एसटीत मला काही सुचेना. माझ्यासाठी आधी स्वतः पाणी चाखणारा माणूस माझ्यावरही पाळत ठेवून होता? मलाही खोटीच गोष्ट दिली? शेवटच्या आजारात सांगलीच्या दवाखान्यात मी धीर करून विचारलं, "मामा, खरी कुठली?" ते म्हणाले, "दार लाव." मी लावलं. जवळ बसले. मामा म्हणाले, "आता पानी दे."

तेराव्यानंतर मी मामींना विचारलं, तुम्हाला कुठली सांगितली होती?

"दुधाच्या वासावरनं वळाखतो ती."

"म्हंजे माझ्यावर त्यांचा विश्वासच नव्हता, मामी."

मामी कातरीला तेल लावत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "एवढी शिकलीस आन् खुळीच ऱ्हायलीस. काप काय शेजाऱ्याच्या मेंढराला देत्यात व्हय? आपल्या मेंढराला देत्यात. हरवलं तर घरला यावं म्हून." आणि ती कातर त्यांनी माझ्या पिशवीत घातली.

ती आता आष्ट्याला आमच्या दाराजवळ टांगलेली आहे. परवा माझी मुलगी तसलाच एक चित्रपट पाहून आली आणि गोष्ट सांग म्हणून मागे लागली. मी आभाळापर्यंत पोचले. राजानं ओळखून दाखव म्हटलं. घंटा ओठांवर आली होती, ती तशीच ठेवून म्हणाले, "धनगर नुसता खाली बसला. मग एक मेंढरू आलं आणि त्याच्या पाठीला टेकलं."

मुलीनं माझ्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. "आई, हे खरं आहे, का तू बनवलंस?"

मी कातरीकडे पाहिलं, आणि चहा टाकायला उठले.