सुटलेली ओळ

सालेकशाकडच्या म्हाताऱ्या बायांकडून ऐकलेली भाताच्या रोवणीची गाणी मी दहा-बारा वर्षं एका जुन्या मराठी सॉफ्टवेअरमध्ये टाइप करत होतो. त्यातल्या कित्येक बाया आता नाहीत. संगणकाची जुनी सिस्टीम सारखी अडायला लागली, तेव्हा तो पिशवीत घालून गोंदियातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

दुकान चालवणारी बाई चाळिशीची असावी. कोणताही संगणक समोर आला की ती आधी ओढणीच्या टोकाने त्याची स्क्रीन पुसायची.

"नवी सिस्टीम टाकून द्या," मी म्हणालो.

"काऊन घाई करून राहिले, सर? यातलं काय गेलं तर तुम्हाले रडू येईन, ते सांगा पहले."

आजवर सगळ्या दुरुस्तीवाल्यांनी मॉडेल विचारलं होतं. हे कुणीच विचारलं नव्हतं. मी गाण्यांचं सांगितलं.

तिने सगळ्या फायलींची कॉपी घेतली आणि नवी सिस्टीम असलेल्या स्वतःच्या संगणकावर उघडली. अक्षरांच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं आली. मी स्क्रीनकडे वाकून पाहू लागलो. ती मात्र जुना फॉन्ट शोधत, एकेक फाइल नव्या फॉन्टमध्ये बदलत राहिली.

तासाभराने तिने खुर्ची माझ्याकडे सरकवली. काना-मात्रेसकट सगळी गाणी समोर होती.

ती पुटपुटत वाचत होती. मधेच थांबली.

"इथं एक ओळ सुटली तुमची, सर. रोवणीत माझी माय म्हणे."

तिने ती हळू आवाजात गाऊन दाखवली, आणि मी तिथेच बसून टाइप केली.