सुदानहून परतलेल्या दाजींना शिंगणापूरला पोचवताना

या ब्लॉगवर मी आजवर किल्ले, धबधबे आणि मिसळ यांच्याबद्दलच लिहीत आलो. हा प्रवास मात्र कोणी हौसेनं ठरवला नव्हता.

सुदानमध्ये यादवी पेटली तेव्हा आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, सुट्टीवर यायला निघाले होते आणि खार्तूममध्ये कंपनीच्या खोलीत अडकले. दाजी साखर कारखान्यातले कारागीर. आपल्या जिल्ह्यातली अशी बरीच माणसं आफ्रिकेत आहेत. गाव शनिशिंगणापूर, जन्म बिनदाराच्या घरात गेलेला, त्यामुळे परदेशातही कडी लावायला विसरायचे. आम्ही त्यावरून त्यांची खूप थट्टा करायचो. आता ताई दिवसभर मदत केंद्राचा नंबर फिरवत होती. शेवटी निरोप आला: बसने बंदर, नौदलाच्या जहाजानं जेद्दा, तिथून विमान. उद्या दुपारी मुंबई.

पहाटेच ताईला घेऊन आमच्या सावेडीतल्या घरून गाडी काढली. एक सल्ला: सुपा सातच्या आत ओलांडा, नंतर एमआयडीसीच्या बसगाड्या रस्ता अडवतात. शिक्रापूरहून चाकणमार्गे तळेगाव गाठलं की पुण्यात शिरावं लागत नाही. खड्डे आहेत, पण वेळ वाचतो. ताईनं वाटेत चहासुद्धा घेतला नाही.

सरकारला नावं ठेवायची माझी जुनी खोड. पण विमानतळावर टेबल मांडलेलं होतं, पाणी होतं, जेवण होतं, लांबच्या लोकांसाठी गाड्या होत्या. प्रत्येकाला गुलाब देऊन फोटो काढत होते. दाजी फूल उलटं धरून उभे होते. ताई रडली, ते नाही.

रात्री सावेडीत मुक्काम केला आणि सकाळी निघालो. घोडेगावहून आत वळायचं. शनिवारी जाऊ नका, आणि गाडीमागे धावणाऱ्या पूजासाहित्यवाल्यांकडे बघूही नका. दाजींच्या घराला चौकट आहे, दार नाही. कुत्री शिरू नयेत म्हणून तिथं रात्री फळी टेकवतात, तशी त्यांच्या आईनं टेकवून ठेवली होती.

"भ्यालं आसंल लेकरू, म्हनून दिवसापन लावली," त्या मला म्हणाल्या. "दार काय आपल्याला लावता येत न्हाई."

दाजींनी फळी उचलली आणि अंगणात नेऊन टाकली.

"आरं, कुत्री येत्याल."

"येऊ दे."

ते उंबऱ्यावर बसले आणि तिथल्या दिवसांबद्दल पहिल्यांदा बोलले. "उस्मान म्हनून कंपनीचा ड्रायव्हर हुता. तिथलाच. रोज भाकरी-पानी आनून द्यायचा. सातव्या दिशी दार वाजवलं त्यानं. माजं नाव घेऊन हाका मारल्या. भायेर गोळ्या चालल्या हुत्या. मी उठलो, तर बाकीच्यांनी मला धरलं... न्हाई. खोटं कशाला बोलू? कुनीबी धरलं न्हाई. मीच उघडलं न्हाई."

"मग?" ताईनं विचारलं.

"मग वाजायचं थांबलं. दोन दिसांनी बस आली, तवा भायेर पडलो. पायरीवर भाकरीची पिशवी हुती. त्यो न्हवता. बसवरच्या सायबांना म्हनलं, त्याला हुडका. ते म्हनले, आमच्या यादीत फक्त भारतीय हायेत. त्यांची काय चूक?"

आईंनी भाकरी वाढली. दाजींनी ताट हातानं बाजूला सारलं.

मी दुपारी परत फिरलो. येऊन-जाऊन दोन दिवस, टोल आणि डिझेल सोडून फारसा खर्च नाही. नेहमीसारखं एवढं लिहून मोकळं व्हायचं होतं. पण घरी आल्यावर त्या दिवसांतले आमचे मेसेज उघडले. सहाव्या दिवशी सरकारी सूचना आली होती, इंग्रजीत. दाजींना इंग्रजी जड जातं म्हणून मी ती मराठीत करून पाठवली होती: "आहात तिथेच थांबा. बाहेर पडू नका. कुणासाठी दार उघडू नका. ओळखीचा असला तरी."

खाली दाजींचं "बरं" होतं.

इंग्रजी सूचना पुन्हा पुन्हा वाचली. शेवटचं वाक्य तिच्यात नाही. ते मी घातलं होतं.